दोन शब्दांमधली जागा कुणाची?

सुजाता,

परवा तुझ्या पुण्यानुमोदनाच्या कार्यक्रमात माइकनं शिट्टी मारली. भंतेजींनी त्रिसरण म्हणायला सुरुवात केली आणि पडेगावच्या त्या छोट्याशा विहारात कानठळ्या बसवणारा आवाज उठला. बायकांनी पदर कानावर दाबले. तुझा भाऊ मशीनकडं धावला, त्यानं एक बटण फिरवलं, तर शिट्टी आणखीच वाढली. मी पाहिलं, पांढऱ्या साड्यांमधल्या कितीतरी माना दाराकडं वळल्या होत्या. आवाजाचं काही बिघडलं की तू येतेस, ही सवय अजून कुणाची मोडलेली नाही. शेवटी मीच उठले, स्पीकरचं तोंड भिंतीकडं वळवलं. शिट्टी थांबली. मग मात्र मला तिथं उभं राहवेना, कारण हे मला तूच शिकवलं होतंस.

नंतर सगळे तुझ्याबद्दल चांगलं बोलले. हुशार होती, पॉलिटेक्निकमधल्या पोरींना जीव लावून इलेक्ट्रॉनिक्स शिकवायची, आईला फुलासारखं जपायची. सगळं खरं. पण तू किती भांडकुदळ होतीस हे एकानंही सांगितलं नाही. म्हणून मी लिहायला बसले.

आपली ओळखच भांडणातून झाली. इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला प्रॅक्टिकलसाठी आपल्याला एका टेबलावर बसवलं. मी गंगापूरकडची, हॉस्टेलवर राहणारी. तू पडेगावहून सायकल मारत येणारी. एका माणसाचं बोलणं रेकॉर्ड केलेलं होतं आणि त्यातली विजेची घरघर काढून टाकायची होती. मी आवाजाचं बटण कमी-जास्त करत बसले. तू माझा हात बाजूला सारलास.

"आवाज नाय कमी करायचा. घरघर कमी करायची. आधी ती ओळख तर."

"कशी ओळखू? दोन्ही एकत्रच आहेत."

"तो बोलायचा थांबतो ना मधे? दोन शब्दांच्या मधे? तेव्हा जे उरतं ती घरघर. ती मोज आणि सगळ्यातून वजा कर."

सरांनी आपलं काम पाहिलं आणि म्हणाले, "बरोबर आहे. जुनीच रीत आहे ही, पुस्तकात सापडेल." तुझा चेहरा पडला. तुला वाटलं होतं तू शोध लावलास. तू तशीच लायब्ररीत गेलीस आणि एक पिवळं पडलेलं पुस्तक घेऊन परत आलीस. "आपल्या जन्माच्या आधीच कुणीतरी काढलंय गं हे," असं इतक्या दुःखानं म्हणालीस की मी हसत सुटले. थोड्या वेळानं तूही हसलीस. "बरं झालं. म्हणजे आपल्याला फुकटात मिळालं."

त्या वाक्याची आठवण पुढं किती वेळा आली असेल!

तुझ्या आईला तू माय म्हणायचीस, मी मावशी. मावशींनी आयुष्यभर कापसाच्या जिनिंगमध्ये काम केलं आणि त्या यंत्रांच्या धडधडीनं त्यांचे कान नेले. मी तुझ्या घरी यायला लागले तेव्हा त्यांच्याशी बोलायचं म्हणजे अंगणातून हाक मारल्यासारखं ओरडायचं. तू नोकरीला लागल्यावर त्यांना कानाचं मशीन आणलंस. चार-दोन दिवसांत त्यांनी ते डब्यात घालून कपाटात ठेवलं. म्हणाल्या, "माणसं ऐकू येत न्हाईत, पंखाच लई ऐकू येतो." कुकर, पंखा, दौलताबादच्या रस्त्यावरचे ट्रक, सगळंच त्या मशीनमधून मोठं होऊन यायचं.

तुझ्या मनानं तेच घेतलं. फोन सगळ्यांच्या हातात आहे, इअरफोन मिळतात, मग फोनच बोलणं वेगळं आणि पंखा वेगळा का नाही करणार? वर्षभर आपण रविवार घालवले. आवाजाचं काम तुझं, फोनवर ते चालवायचं काम माझं. मी वाळूजच्या कारखान्यात दिवसभर कॉम्प्युटरवर जे करायचे त्यात कधी इतका जीव लागला नाही. ॲपला 'कानोसा' हे नाव मी सुचवलं. तुझ्याशी घातलेल्या वादांपैकी मी जिंकलेला तो बहुधा एकच.

पहिल्यांदा मावशींच्या कानात इअरफोन घातले तो दिवस. त्या बाजेवर बसलेल्या, वर पंखा, बाहेर ट्रकची रांग. तू सवयीनं घसा ताणून ओरडलीस, "माय, ऐकू येतं का?"

त्या केवढ्या दचकल्या! "वरडती कशाला गं? मी काय बहिरी हाय व्हय?"

आपण दोघी हसून हसून जमिनीवर बसलो. मावशींना आधी कळेना आपण का हसतोय. मग कळलं, आणि त्यांनी पदर डोळ्यांना लावला. त्या दिवशी तू घरात पहिल्यांदा हळू बोललीस. मी तुला इतक्या वर्षांत तुझ्या आईशी हळू बोलताना ऐकलंच नव्हतं.

मग आपण ते सगळ्यांसाठी ठेवलं, फुकट. तू ठामच होतीस, "आपल्याला फुकट मिळालंय, पुढं फुकटच जाणार." माणसं फोन करायला लागली. गंगापूरचे ते निवृत्त एसटी कंडक्टर आठवतात? "ताई, नातीचं नाव आत्ता कळलं मला. इतके दिवस मी साक्षी साक्षी म्हणत होतो. पोरगी साची निघाली!" फोन ठेवून तू पुन्हा पुन्हा तेच म्हणत होतीस. पोरगी साची निघाली. पोरगी साची निघाली.

आणि मग ती नोटीस आली.

तू मला चहाच्या टपरीवर बोलावलंस. फोनवर काहीच सांगितलं नाहीस. एका मोठ्या कंपनीच्या वकिलांनी ती पाठवली होती. तू चहा बाजूला ठेवून वाचायला लागलीस. वकिली इंग्रजी होतं, तू ते मराठीत करत करत वाचत होतीस. "बोलणाऱ्याच्या दोन शब्दांमधल्या विरामात भोवतालचा गोंगाट मोजणे, आणि तो पुढच्या बोलण्यातून वजा करणे, हाती बाळगायच्या उपकरणात." या पद्धतीचं पेटंट त्यांच्याकडं आहे. आपण त्यांची परवानगी न घेता ती वापरतोय. ताबडतोब बंद करावं.

तू आधी हसलीस. अगदी मनापासून. "वंदे, हे आपलं प्रॅक्टिकल हाय गं!"

मग कागद पुन्हा वाचलास, आणि हसणं थांबलं. "हाती बाळगायच्या उपकरणात. एवढे शब्द पुढं चिकटवले आणि मालक झाले. उद्या कुणी म्हणेल, समोरचा बोलायचा थांबला की आपण बोलायचं ही आमची पद्धत. तिचंपण पेटंट देतील?"

काही दिवसांतच कानोसा फोनमधल्या ॲपच्या दुकानातून गायब झालं. कुणी विचारलं नाही, आपली बाजू ऐकली नाही. एक ठराविक साच्यातला मेल आला आणि संपलं. ज्यांच्या फोनवर ते आधीपासून होतं त्यांच्याकडं चालू राहिलं, नव्यानं कुणाला मिळेना.

आपण काझी वकिलांकडं गेलो. त्यांनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं. तू ते पिवळं पुस्तक लायब्ररीतून काढून नेलं होतंस, त्यांच्या टेबलावर आपटलंस.

"मॅडम, हे सोपं आहे हे तुम्हाला दिसतंय. मलाही दिसतंय," ते म्हणाले. "लेकिन कोर्टात 'सोपं' ही चीज साबित करावी लागते. ते विचारतील, या पुस्तकात मोबाइल कुठंय? कानाला लावायचं कुठंय?"

"अहो, तेव्हा मोबाइलच नव्हते!"

"वही तो. जी गोष्ट सगळ्यांना ठाऊक असते ती कुणी बसून लिहीत नाही. आणि लिहिलेलं नसलं की कुणीतरी येऊन म्हणतो, मी शोधली."

पेटंट मंजूर झाल्यावर हरकत घ्यायची एक मुदत असते. ती केव्हाच निघून गेली होती. असं काही पेटंट आहे हेच आपल्याला माहीत नव्हतं, मग हरकत कधी घेणार? आता हायकोर्टात अर्ज करून ते रद्द करायला सांगायचं, एवढीच वाट उरली होती. लांबची आणि दमवणारी.

परतताना आपलं भांडण झालं. शेवटपर्यंत न मिटलेलं ते हेच.

मी म्हटलं, आपण वळसा घालू. फोननं आपोआप विराम शोधायचा नाही. आजूबाजूला कुणी बोलत नसेल तेव्हा माणसानं एक बटण दाबायचं, तेवढ्यात फोन गोंगाट मोजून घेईल. पेटंटमध्ये ते बसत नाही. काम थोडं कमी चांगलं होईल, पण लोकांना मिळेल तरी.

"माय चहा पिता पिता बटण दाबणार? पंखा लावला की पुन्हा दाबणार? ट्रक आला की पुन्हा?"

"काहीच नसण्यापेक्षा बरं ना!"

"आणि जे सगळ्यांचं हाय त्याला आपण वळसा का घालायचा? चोरानं रस्त्यात खाट टाकली म्हणून मी वावरातून जाऊ?"

"सुजाता, तुला कोर्टात बरोबर ठरायचंय की लोकांना ऐकू यायला हवंय?"

तू गाडी बाजूला घेऊन थांबवलीस. हेल्मेट काढलंस. तू ओरडली असतीस तर बरं झालं असतं, पण तू हळू बोललीस.

"तुमच्या घराला बांध माहीत हाय, वंदे. हा आपला, तो त्यांचा. बांध कोरला तर भांडायचं नाहीतर सोडून द्यायचं. आमच्या घराला बांधच नव्हता. जे सार्वजनिक होतं तेवढंच आमचं होतं. आणि तेसुद्धा भांडून मिळालेलं."

मला ते लागलं. तू मला बसस्टॉपवर सोडलंस आणि त्यानंतर बरेच दिवस आपण कामापुरतंच बोललो.

आज तू नाहीस म्हणून मी तुझंच बरोबर होतं असं म्हणणार नाही. तुलाही ते आवडलं नसतं. गंगापूरच्या त्या कंडक्टर काकांचा फोन खराब झाला, नव्या फोनवर कानोसा मिळेना. त्यांनी मला किती वेळा विचारलं, "ताई, केव्हा येणार परत?" मी सांगत राहिले, केसची तयारी चालू आहे. मग त्यांनी विचारणं सोडून दिलं. तेव्हा बटण असतं तर त्यांनी दाबलं असतं, सुजाता. दिवसातून शंभरदा दाबलं असतं. पण तू म्हणत होतीस तेही मला खोडता आलं नाही. आज आपण वळसा घातला तर उद्या दुसरं कुणी वळशावरही खाट टाकेल. या दोन्ही गोष्टी माझ्या डोक्यात शेजारी शेजारी बसल्या आहेत आणि एकमेकींकडं बघत नाहीत.

तू मात्र कामाला लागलीस. पेटंट ऑफिसला लिहिलंस, जुन्या प्राध्यापकांच्या घरी जाऊन त्यांच्या माळ्यावरचे धूळ खाणारे अंक उतरवलेस, पॉलिटेक्निकच्या पोरींना वर्गात ते पेटंट वाचून दाखवलंस आणि विचारलंस, "यात नवीन काय ते दाखवा." सगळा वर्ग शोधत बसला म्हणे. आणि हे करताना तुला दम लागायला लागला होता. जिना चढून आलीस की बोलायच्या आधी जरा थांबायचीस. आम्हाला वाटलं दगदग. तुलाही तेच वाटलं.

आजाराचं नाव कळलं तेव्हा फुप्फुसं बरीच आकसली होती. मी दवाखान्यात आले, तर तू ऑक्सिजनचा मास्क हनुवटीवर ओढून काझी वकिलांशी फोनवर भांडत होतीस. नर्सनं मास्क परत वर केला, तू परत खाली ओढलास. त्याच दिवशी तू मला ती गोष्ट सांगितलीस. एकेका वाक्यानंतर थांबत.

"मायनं पहिल्यांदा ऐकलं, माहीताय का. कानोसा नवीन होतं तेव्हा. मला म्हणाली, सुजे, तुझा श्वास लई वाजतो गं. दवाखान्यात दाखव. मला वाटलं, माइकचं काहीतरी हाय. घरघर हाय." तू थांबलीस. "मी दुसऱ्या दिवशी ते दुरुस्त केलं, वंदे. तो आवाज शोधला आणि वजा करून टाकला. माय म्हणाली, हां, आता नाय येत."

आणि तू हसलीस. हसता हसता खोकला आला, मॉनिटर वाजायला लागला, नर्स धावत आली, आणि मी तुझी पाठ चोळत राहिले.

डॉक्टरांना मी नंतर विचारलं. ते म्हणाले, तेव्हा कळलं असतं तरी फार फरक पडला नसता. ते खरं होतं की दिलासा, मला ठरवता येत नाही. मावशींना मी हे विचारलेलं नाही. त्यांना आठवतं का, तेही नाही.

मी त्या दिवशी पिशवीत माझा फोन घेऊन आले होते. त्यात बटणवालं कानोसा होतं. मी ते गुपचूप नाही, पण तुला न सांगता करून ठेवलं होतं, आणि तुला दाखवायचं होतं. तू चिडली असतीस. बटण कुठं ठेवलंय यावरून अर्धा तास बोलली असतीस, रंग बदलायला लावला असतास. मला तेच हवं होतं. पण तुला झोप लागली. पुढच्या वेळी दाखवू म्हटलं. पुढच्या वेळी तू डोळे उघडून माझ्याकडं पाहिलंस, माझ्या हातावर बोटानं काहीतरी लिहिलंस, मला वाचता आलं नाही. मी मान हलवली, जसं काही कळलं. एका सकाळी तुझ्या भावाचा फोन आला, आणि तो काही बोलायच्या आधीच मला कळलं.

तुझे आभार मानायचे राहिले. माझं लग्न मोडलं तेव्हा घरचे रोज समजूत घालायला यायचे, आणि तू दर रविवारी फक्त लॅपटॉप घेऊन यायचीस. "हे चालत नाय बघ," म्हणून माझ्यासमोर ठेवायचीस. एकदाही विचारलं नाहीस कशी आहेस. त्या काळात मी जगले ती तुझ्या न चालणाऱ्या कोडमुळे. त्यातल्या काही चुका तू मुद्दाम ठेवत होतीस, हे मला तेव्हाच कळलं होतं. बोलले नाही कधी. आता बोलतेय.

आज काझी वकिलांनी बोलावलं होतं. तुझा अर्ज तयार आहे, पण त्यावर तुझी सही व्हायची राहिली. मी एकटीच जाणार होते, तर मावशी पांढरी साडी नेसून दारात उभ्या. इअरफोन कानात, फोन पदरात बांधलेला. "मी बी येते," एवढंच म्हणाल्या.

काझी वकील उठून उभे राहिले, मावशींना पाणी दिलं. मग तोंडापुढं हात धरून हलक्या आवाजात मला समजावायला लागले. अर्जदारच नसेल तर अर्ज कुणाच्या नावानं करायचा? पेटंट रद्द करा म्हणायला त्यात जिचा हितसंबंध आहे अशी व्यक्ती लागते. मी करू शकते, कानोसा आपण दोघींनी मिळून केलं होतं. मी 'हो' म्हणणारच होते. बटणाची बाजू न सोडताही मी तुझ्या अर्जावर सही करू शकते, हे मी येताना रिक्षात ठरवून टाकलं होतं.

"वकीलसाहेब," मावशी मधेच बोलल्या. "तोंडापुढचा हात काढा आन् मला सांगा. माझं नाव टाकता येतं का?"

त्यांनी हात काढला. माझ्याकडं पाहिलं, मग मावशींकडं. "अम्मा, टाकता येईल. दोघींचं टाकू. मगर समोरचे वकील विचारतील. तुम्ही इंजिनिअर नाही. हे ॲप तुम्ही बनवलं नाही. तुमचा या पेटंटशी संबंध काय?"

मावशींनी जराही वेळ घेतला नाही.

"मला ऐकू येत न्हाई. ह्योच संबंध."

काझी वकिलांनी कागद पुढं ओढला आणि मावशी म्हणाल्या ते तसंच, त्यांच्याच शब्दांत लिहून घेतलं. मावशींनी सही केली, त्यांच्याखाली मी केली. निकाल काय लागेल माहीत नाही, केव्हा लागेल तेही माहीत नाही. लागेल तेव्हा मी आणि मावशी तिथं असू.